एक टक्का वाढीव

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

तुमच्याच कार्यालयाचा कागद आहे. खाली सही आहे, सहीवर गोल शिक्का आहे, आणि वर लिहिलंय, ‘प्रत्यक्ष पाहणीअंती सदर कामगाराच्या छातीच्या आजाराचा त्याच्या कामाशी संबंध आढळून येत नाही.’ आढळून येत नाही म्हणे. आंधळ्यांच्या हाताला निदान हत्तीची शेपटी तरी लागली होती. तुम्ही हातच लावला नाहीत.

तुम्हाला जे दिसलं नाही ते मिस्त्रीला दिसलं, आणि तेही एक लाकडी स्टँड करताना. माशांच्या टाकीचा स्टँड. हसू नका, ऐका.

सदर कामगाराला फाउंड्रीत सगळे भाता म्हणत. तो आणि मिस्त्री एकतीस वर्षं एकाच छपराखाली होते. लोखंडात जे काही ओतायचं, पंपाचं झाकण असो की रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाचा पाया, ते आधी मिस्त्री लाकडात करायचा. त्याला म्हणायचं पॅटर्न. भाता तो पॅटर्न पेटीत ठेवायचा, भोवती काळी वाळू ठोकून ठोकून घट्ट बसवायचा आणि मग पॅटर्न अलगद वर उचलायचा. खाली जी पोकळी राहील तीत वितळलेलं लोखंड. पॅटर्न उचलताना कडेची वाळू ढासळली तर ती पोकळीतून उडवावी लागे. त्यासाठी चामडी भाता होता, सहा जणांत एक, आणि तोही फाटका. हा गडी सरळ वाकायचा, छाती भरून घ्यायचा आणि एका फुंकेत पोकळी लख्ख. माणसांनी नाव ठेवलं ते उगाच नव्हे. फुंकलेली धूळ मात्र कुठे जाणार? समोर भिंत, वर छप्पर. निम्मी परत त्याच्याच तोंडावर.

आता हा भाता पलंगावर चार उशांना टेकून असतो. आडवा झाला की श्वास अडकतो. पलंगापासून बाहेरच्या खोलीतल्या माशांच्या टाकीपर्यंत एकोणीस पावलं. आधी ती तो दिवसातून तीनदा चालायचा. मग एकदा. मग एक दिवस अकराव्या पावलावर दाराची चौकट धरून थांबला, आणि वहिनींनी, त्याच्या बायकोने, त्याला उलटा फिरवून आणला. त्यानंतर मासे त्याच्यासाठी आवाजापुरते उरले. रात्रंदिवस बाहेर टाकीतल्या हवेच्या पंपाची बुडबुड चालू, आणि हा आत कान लावून.

मासे वीस वर्षांपासूनचे. म्हणजे तेच नव्हेत, पण टाकी तीच आणि नावं तीच. पुढ्यात पडेल ते खाणारा जाड सोनेरी मासा म्हणजे फोरमन. दिवसभर तोंड वासून वरवर तरंगणारा तो मॅनेजर. धोंड्यामागे लपून बसणारी आणि खाणं टाकलं की झेंडा उभारल्यासारखी शेपटी वर करून धावणारी ती युनियन. फोरमन मेला की नवा फोरमन यायचा. भाता म्हणायचा, तिकडेही असंच होतं.

वहिनी त्याला रोज बातमी द्यायच्या. पण त्यांची बातमी म्हणजे, “आहेत सगळे.” ह्याला हवं असायचं की फोरमनच्या शेपटीवरचा पांढरा डाग वाढला का, युनियन जेवली का. वहिनींनी मग बोळात आरसा टांगून बघितला, म्हणजे पलंगावरून टाकी दिसेल. आरशात भिंतीवरचं घड्याळ दिसलं. भाता म्हणाला, हे नको, हे मला न बघताही कळतंय.

त्या आठवड्यात मिस्त्री भेटायला गेला तेव्हा वहिनींनी त्याला दारातच थांबवलं. मासे कुणाला तरी देऊन टाकायचं त्यांच्या मनात होतं. ऐकू येतात आणि दिसत नाहीत, हा छळ त्यांना बघवेना. आत भात्याचं वेगळंच चाललं होतं. टाकी आत आणायची. पण तिचा लोखंडी स्टँड छातीइतका उंच. त्यावर टाकी पलंगाशेजारी ठेवली तर पडल्या पडल्या फक्त तळाचे खडे दिसणार. शिवाय त्याचा एक पाय गंजून भाकरीसारखा पापुद्रे सोडत होता. दुकानात चौकशी केली तर तिथले स्टँड भुशाच्या दाबलेल्या फळीचे. पाणी लागलं की फुगतात. दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं होतं, सहा महिने जाईल.

“मला तेवढाच पुरे,” भाता म्हणाला.

त्याने विनोद केला होता. वहिनी पदराने कपाटाची धूळ पुसायला लागल्या, आणि धूळ तर तिथे नव्हतीच. मिस्त्रीने खिशातून नवी कोरी मोजपट्टी काढली, गुंडाळीची, पिवळी. घरच्या किरकोळ कामासाठी वाटेत घेतलेली. जमिनीपासून भात्याच्या डोळ्यापर्यंत मोजलं, त्र्याऐंशी सेंटिमीटर. टाकी पंचेचाळीस उंच. म्हणजे स्टँड साठाचा केला तर टाकीचा मध्य बरोबर नजरेसमोर. पलंगाशेजारी कपाट आणि भिंत यांच्यामध्ये जागा होती एकशे बावीस. टाकी एकशे वीस लांब. बाजूंना अर्धा अर्धा सेंटिमीटर लाकडी पट्टी धरून स्टँड एकशे एकवीस.

“तीस वर्षांचा करतो,” मिस्त्री म्हणाला. “सहा महिन्यांचं काम मला येत नाही.”

भाता म्हणाला, नक्षी पाहिजे. आयुष्यभर ठोकळे दिलेस, एक तरी वस्तू देखणी दे.

हे बोलणं मिस्त्रीच्या जिव्हारी लागलं, कारण खरं होतं. पॅटर्नला नक्षी चालत नाही. पॅटर्न गुळगुळीत हवा, कोपरे गोल हवेत, आणि प्रत्येक उभी बाजू खाली किंचित निमुळती हवी. तो उतार नसेल तर पॅटर्न वर येताना वाळूला ओरबाडतो. एकतीस वर्षं मिस्त्रीने उतार दिला. फुलं, वेली त्याच्या हाताला माहीतच नव्हत्या.

घरी मागच्या ओट्यावर त्याचं फाउंड्रीतलं बाकडं पडलं होतं. पॅटर्नचा विभाग बंद झाला तेव्हा भंगारातून सोडवून आणलेलं. जाड सागाच्या फळ्या, मनगटाएवढे पाय. सहा वर्षं त्यावर बादल्या वाळत होत्या, आणि सहा वर्षं बायको म्हणत होती की हे धूड एकदाचं हलवा. आता त्याने त्याच बाकड्याच्या पायांवर करवत ठेवली तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

“स्वयंपाकघरातली फळी एका खिळ्यावर लोंबतेय, ती दिसत नाही. बाकडं बरं दिसलं.”

मग तिला कळलं कुणासाठी आहे. आत जाऊन चहा घेऊन आली आणि बादल्या स्वतः उचलून बाजूला केल्या. फळीचा विषय त्या महिन्यात परत निघाला नाही.

सव्वादोनशे लिटर पाणी, वर काच, खडे, धोंडे. तीनशे किलोच्या आसपास वजन. ते स्क्रूवर टाकायचं नाही, हे मिस्त्रीचं पहिलं सूत्र. स्क्रू धरून ठेवतो, पेलत नाही. वजन वरच्या चौकटीतून सरळ खांबांवर, खांबांतून सरळ जमिनीवर. सहा खांब, चार कोपऱ्यांत आणि दोन मध्ये. प्रत्येक आडव्या तुळईच्या टोकाला कुसू, म्हणजे खाचेत बसणारी जीभ, काढला, खांबाला पटाशीने खाच पाडली, आणि कुसू खाचेत असा बसवला की हाताने ढकलला तर जात नाही आणि हातोडीने दोन टोले दिले तर नाही म्हणत नाही. व्हार्निश लावायचं नाही असं त्याने पहिल्याच दिवशी ठरवलं. तो वास त्या खोलीत नको. जवसाचं तेल चोळलं आणि दोन आठवडे उघड्यावर वाळू दिलं. घासायचं, तासायचं सगळं ओट्यावर. भात्याच्या घरात भुशाचा कण जाणार नाही, असं तो बायकोला तीनदा सांगून चुकला, तेव्हा ती म्हणाली, अहो, मी कुठे नेतेय.

नक्षीचं उत्तर पोटमाळ्यावर सापडलं. विभाग बंद झाला तेव्हा फाउंड्रीने पॅटर्न आवारात ढीग करून जाळले. मिस्त्रीने पोत्यात घालून पाचसात वाचवले होते. त्यातला एक दिव्याच्या खांबाच्या गळपट्ट्याचा, भोवती पानं असलेला. नक्षी म्हणावी असं आयुष्यात केलेलं एकच काम. एक पंपाच्या पंख्याचा, अर्धाच, वळलेल्या पाकळ्यांचा. एक दातेरी चाक. हेच स्टँडच्या खालच्या कप्प्याच्या दारांवर बसवायचं. ज्याच्यासाठी केले होते त्याच्यासमोर जाऊ देत.

ते साफ करताना खाचांत काळी वाळू होती. भात्याच्या हातची. पानांच्या शिरांत, चाकाच्या दातांत घट्ट बसलेली. मिस्त्रीने सवयीने पॅटर्न तोंडासमोर धरला, गाल फुगवले, आणि तसाच राहिला. फुंकर बाहेर येईना. मग त्याने ओलं फडकं घेतलं, जुना दात घासायचा ब्रश घेतला आणि पाण्याच्या घमेल्याशी बसून एकेक खाच धुतली. पाणी काळं झालं. बदललं, परत काळं झालं. लाकूड कोरडं, कडक, वरून रंग दिलेलं. त्याला ही वाळू सहा वर्षं चिकटून बसली होती. ओल्या मऊ छातीने तिला कसं सोडलं असेल? मिस्त्री तिसरं पाणी ओतून आला तरी त्याच्या नजरेसमोरून ते घमेलं हलेना.

स्टँड टेम्पोतून गेला. टेम्पोवाला वाटेत तीनदा म्हणाला की काका, असला मला पण एक करून द्या, मासे नंतर घेईन. दोघांनी तो उचलून आत आणला, बोळातून वळवला, पलंगाला वळसा घालून कपाट आणि भिंत यांच्यासमोर आणला आणि आत सारला. तोंडाशीच अडकला.

पुन्हा सारला. पुन्हा अडकला. मिस्त्रीच्या कपाळावर घाम आला. एकतीस वर्षांत त्याच्या मापाला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

भाता उशांना टेकून सगळं बघत होता. त्याने विचारलं, किती अडकतंय? मिस्त्री म्हणाला, दोन मिलिमीटर. जागा किती? एकशे बावीस. आणि तू किती धरलं होतंस? एकशे एकवीस. भात्याने डोळे मिटले. ओठ हलले. गुणाकार करत होता. मग त्याच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला.

“मिस्त्री, खिशातली पट्टी काढ. पिवळी नव्हे. तुझी.”

मिस्त्रीने शर्टाच्या खिशातून पोलादी पट्टी काढली. कडा झिजून चकचकीत झालेली. ती पिवळ्या मोजपट्टीशेजारी ठेवली आणि तो मटकन पलंगाच्या कडेवर बसला. पोलादी पट्टीचे तीस सेंटिमीटर पिवळीच्या तीसच्या पुढे तीन मिलिमीटर गेले होते.

ती वाढीव पट्टी होती. लोखंड थंड होताना आकसतं, शंभरात एक. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा असतो. रोज हिशोब नको म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच मुळात लांब केलेली असते, तिचा प्रत्येक सेंटिमीटर थोडा ऐसपैस. मिस्त्रीने खोली नव्या पट्टीने मोजली आणि बाकड्याशी गेल्यावर हात आपोआप खिशात गेला. एकशे एकवीसचे झाले एकशे बावीस आणि वर दोन मिलिमीटर.

“अरे लेका,” भाता म्हणाला, “हे आता मी वाळूत घालून ओतणार होतो का?”

आणि तो हसला. आवाज नव्हता त्या हसण्याला, नुसते खांदे हलत होते. टेम्पोवाल्याला काही कळलं नाही, पण तोही हसायला लागला. हसता हसता भात्याने एक जुनी गोष्ट उकरून काढली. मिस्त्री कामाला लागला त्या वर्षी त्याने एक मोठा पॅटर्न साध्या पट्टीने केला होता. वाढीव पट्टी वापरायची असते हे विसरून. भात्याने तो हातात घेतल्या घेतल्या ओळखलं. फोरमनपुढे जाऊन म्हणाला, माझ्या हातून साचा ढासळला, पॅटर्नला मार लागलाय, परत जाऊ दे. दोन दिवसांची शिवीगाळ त्याने खाल्ली. मिस्त्रीची नोकरी राहिली. त्यावर दोघांत कधी एक शब्द झाला नव्हता. मिस्त्रीला वाटत होतं भाता विसरला. भात्याला वाटत होतं मिस्त्रीला कळलंच नाही.

“तेव्हा कमी केलंस, आता जास्त,” भाता म्हणाला. “फिटंफाट.”

मग खोकला आला. हसण्यातूनच आला आणि थांबेना. वहिनी धावत येऊन त्याच्या पाठीमागे बसल्या, त्याला पुढे वाकवून धरलं आणि ओठांतल्या ओठांत आकडे मोजू लागल्या. त्यांना कुणी तरी सांगितलं होतं की मोजलं की घाबरायला होत नाही. बाहेर पंपाची बुडबुड. चाळीसच्या पुढे गेल्यावर श्वास परत लागला. त्याचे ओठ निळसर झाले होते, ते हळूहळू माणसाच्या रंगाचे झाले.

मिस्त्री स्टँडला हात लावून उभा होता. हे त्याच्यामुळे झालं असं त्याला वाटलं. स्टँड उचलून मागे अंगणात नेतो, दोन्ही बाजूंनी रंधा मारतो, तासाभरात होईल, असं तो टेम्पोवाल्याला सांगायला लागला. टेम्पोवाला म्हणाला, इथेच कानशीने घासा की काका, दोन मिलिमीटर तर आहे. मिस्त्रीने त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला. भाता थकलेल्या आवाजात म्हणाला, बाजूची लाकडी पट्टी काढ, पाठीमागून तास. मिस्त्री म्हणाला, पट्टी कुसवात आहे, निघायची नाही. दोघे निष्णात कारागीर, दोन मिलिमीटरवर गहन चर्चा सुरू झाली.

वहिनी उठल्या. पदर खोचला, लोखंडी कपाटाला पाठ लावली, दोन्ही पाय पलंगाच्या खुरावर रोवले आणि रेटा दिला. कपाट किंचाळलं आणि दोन बोटं सरकलं.

“कपाटाला काय मुळं फुटली होती?” त्या म्हणाल्या.

टेम्पोवाला खाली बघून स्टँड आत सारायला लागला. आता त्याला दोन्ही बाजूंनी बोटभर जागा होती.

पाणसळ ठेवली तर बुडबुडा डावीकडे पळाला. फरशीच उतरती होती. मिस्त्रीने लाकडाची पातळ चीप घालून खांब सारखे केले, बुडबुडा मध्ये येऊन थांबला, तेव्हाच तो सरळ उभा राहिला. वर मऊ रबराचा पट्टा अंथरला. बाहेरच्या टाकीतले मासे तोपर्यंत बादलीत. टेम्पोवाल्याने आणि त्याने रिकामी टाकी आणून वर ठेवली. मग पाणी. अर्धं जुनं, अर्धं नवं. मिस्त्री प्रत्येक बादलीनंतर वाकून खांबांच्या जोडांना कान लावायचा. लाकूड बोलतं, वजन नको असेल तर कुरकुरतं. पाच बादल्या झाल्या, दहा झाल्या, लाकूड गप्प. सतराव्या बादलीला टेम्पोवाला म्हणाला, काका, याला विचारूच नका, हा हो म्हणतोय.

वहिनींनी मासे सोडले. आधी मॅनेजर वर गेला आणि तोंड वासून बसला. फोरमन टाकीची एक फेरी मारून आला, सगळं आपल्या नावावर करून घ्यायला. युनियन धोंड्यामागे. भाता बघत होता. मान वळवावी लागली नाही, उठावं लागलं नाही. पाण्याच्या मध्यावर त्याची नजर होती, आणि फोरमन तिथे येऊन त्याच्याकडे बघत थांबला.

“पांढरा डाग गेलाय,” भाता म्हणाला. वहिनींकडे वळून, “तू सांगितलं नाहीस.”

“मला काय माहीत डाग कुठे होता,” वहिनी म्हणाल्या, आणि डोळे पुसायला स्वयंपाकघरात गेल्या.

टेम्पोवाला गेला. मिस्त्री खुर्ची ओढून बसला. भात्याने हात लांब करून दारावरची पानं चाचपली, मग पंखा, मग चाक. तिन्ही न बघता ओळखले. मग त्याची बोटं स्टँडच्या बाजूवर फिरली, वरून खाली, आणि थांबली.

“इथेही उतार दिलास.”

मिस्त्री ओशाळला. म्हणाला, हात ऐकत नाही, सवय आहे. उभी रेघ सरळ काढताच येत नाही. इथून काही वर उचलायचं नाही हे कळत होतं, पण हात.

भात्याने मान मागे उशीला टेकवली. त्याला एका दमात थोडंच बोलता येतं, म्हणून तो आधी सगळं जुळवून घेतो.

“दुसऱ्यांचे पॅटर्न निघताना ओरबाडायचे,” तो म्हणाला. “वाळू ढासळायची. फुंकावं लागायचं, एकेका पेटीला आठ आठ वेळा.” थांबला. दोन श्वास घेतले. “तुझा पॅटर्न असला की एकदा. कधी कधी तेही नाही. सकाळी मी आधी बघायचो आज तुझे किती आहेत. तुझे जास्त असले की बरं वाटायचं.” पुन्हा थांबला. “मी आज बसून मासे बघतोय ना, ती तुझ्या उताराची वर्षं आहेत. हे सांगायचं राहिलं होतं.”

एकतीस वर्षं मिस्त्रीला वाटत होतं की उतार वाळूसाठी देतोय.

त्याने भात्याचा हात हातात घेतला. आतून कडक, बाहेरून हलका झालेला. दोघे माशांकडे बघत राहिले. वहिनी चहा घेऊन आल्या आणि त्याही पलंगाच्या पायथ्याशी बसल्या. तिघांत कुणाला कुणाचे आभार मानायचे ते कळेना, म्हणून तिघे मॅनेजरला हसले. त्या दिवसापासून भाता सकाळी उठल्यावर आधी पाण्याकडे बघतो आणि वहिनींना बातमी देतो. “आहेत सगळे” एवढ्यावर भागवत नाही, एकेकाचं नाव घेऊन सांगतो. वहिनी म्हणतात, इतका बोलतो की त्याला श्वास पुरतो कसा कळत नाही. पुरतोय. कमी आहे, पण पुरतोय, आणि त्याबद्दल त्या घरात कुणाची तक्रार नाही.

तक्रार इथे आहे, साहेब. त्या घरात नाही म्हणून इथे आहे. त्या माणसाला ठाऊक आहे एका पेटीला किती फुंका लागत. कुणाच्या हातच्या लाकडाने त्याचा किती श्वास वाचवला हे तो बोटं फिरवून सांगू शकतो. त्याला असं काहीही विचारलं गेलं नाही. मी वहिनींना विचारलं, कुणी पाहणीला आलं होतं का. त्या म्हणाल्या, विजेचं मीटर बघणारा येतो, तो चांगला आहे, चपला बाहेर काढतो. मिस्त्री त्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहतो. त्याच्याकडेही कुणी आलं नाही. आणि कागदावर तुमच्या सहीच्या वर लिहिलंय, प्रत्यक्ष पाहणीअंती.

तर मग सांगा. कोणत्या तारखेला आलात? कोणत्या पेटीपुढे वाकलात? कुणाच्या छातीला कान लावलात? गोल गोल नको, शिक्का नको. तारीख सांगा.